आजीच्या 'बघू की'चा अर्थ

चिनू,

परवा फोनवर तू जरा वैतागूनच विचारलंस की आजी 'बघू' म्हणाली म्हणजे हो समजायचं का नाही. डिसेंबरच्या सुट्टीत रूममेटला घेऊन सांगलीला जायचंय, तिकिटं रोज महाग होतायत आणि आजी नुसतं 'बघू की' म्हणून फोन ठेवते. वर तेच धरून मला म्हणालास, तुमचं मराठी लोकांचं सगळं असंच असतं, मला इथे कॉलेजात पाच वर्षांचा प्लॅन लिहून द्यायचाय, माझ्या वयाची असताना तुझा काय प्लॅन होता? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटले. शिट्टी झाली नसती तरी काहीतरी शोधलंच असतं. मराठीत लिहितेय, हळूहळू वाच, अडलं तर विचार.

प्लॅन बिन काही नव्हता रे. 1998 ला बीएस्सी झाले, केमिस्ट्री. रिझल्टच्या दिवशी शेजारच्या काकांनी आजोबांना विचारलं, पोरीचं पुढं काय? आजोबा म्हणाले, बघू. झालं माझं करिअर काउन्सेलिंग! एमएस्सीला कोल्हापूरला जायचं मनात होतं पण त्याच वर्षी मामाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, मग 'यंदा राहू दे' झालं, आणि त्याच काकांच्या ओळखीने साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हंगामापुरती लागले. हंगामापुरती म्हणजे दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं ते मार्च-एप्रिलपर्यंत, मग घरी बस, पुढच्या वर्षी बोलावलं तर ये. असे चार हंगाम केले.

मला ते काम आवडायचं, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, तुझ्या बाबालासुद्धा नाही बहुतेक. रस यायचा, त्याचा ब्रिक्स काढायचा, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती ते, आणि मग त्यातली खरी साखर किती ते पोलॅरीमीटरवर. त्यासाठी आधी शिशाचं मीठ टाकून रस निवळायचा, फिल्टर पेपरमधून गाळायचा आणि लांब काचेच्या नळीत भरायचा. नळीत मुगाएवढा बुडबुडा राहिला तरी रीडिंग गंडायचं. मला नळी एका फटक्यात भरता यायची, बुडबुडा नाही काही नाही, आमचे चीफ केमिस्ट दुसऱ्यांना दाखवायला मला बोलवायचे. आपल्याकडे 100 किलो उसातून 11-12 किलो साखर निघते, तो आकडा जरा खाली आला की सगळे आधी लॅबवरच संशय घ्यायचे.

2002 च्या डिसेंबरात बाबा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर मुली बघायला आला. त्याचंही काय ठरलेलं होतं म्हणा, शिकला मेकॅनिकल आणि पुण्यात नोकरी मिळेना म्हणून कुणीतरी सांगितलं कोबोल शिक, कारण जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं आणि 2000 ला 00 झालं की सगळं कोसळणार, म्हणून 1999 ला इकडे अमेरिकेत आला. काही कोसळलं नाही पण हा इथेच राहिला. तर मला फोन आला कारखान्यात, लवकर ये म्हणून. मी आले ती मळीचा वास घेऊनच, केस धुवायला वेळ नाही. पोहे काकूने केलेले, मी फक्त ट्रे उचलला. बाबाने विचारलं काय करता आणि मी त्याला पंधरा मिनिटं ब्रिक्स सांगितला, आजी दारातून डोळे वटारतेय. जाताना त्याचे काका म्हणाले, 'बघू, कळवतो'.

आता हे लक्षात ठेव. 'बघू'च्या पुढे 'कळवतो' आलं की ते नव्याण्णव टक्के नाही असतं, तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून. आजीने उरलेले पोहे शेजारी देऊनही टाकले. चौथ्या दिवशी फोन आला, पसंत आहे, पण जानेवारीत पौष लागतो, त्याच्या आत उरका. आठ दिवसांत लग्न, लगोलग रजिस्टर, कारण व्हिसाला सर्टिफिकेट लागतं.

इथे आले ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो व्हिसा, त्यावर तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. साडेचार वर्षं. त्यातली पहिली दोन-तीन फार वाईट गेली, ते कधीतरी समोरासमोर सांगीन. मग 2007 चा जुलै. जूनमध्ये एकदम जाहीर झालं की जुलैत ग्रीन कार्डसाठी आमच्यासारखे सगळे अर्ज करू शकतात, तू दीड वर्षाचा, माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं 'स्त्री', आजोबांनी धावपळ करून ॲफिडेव्हिट कुरियर केलं, आणि 2 जुलैला कळलं की सगळं रद्द. तेव्हा आपल्या लोकांनी काय केलं माहितीये, गांधीगिरी म्हणून इमिग्रेशन खात्याच्या साहेबाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले! आम्हीही पाठवला, पैसे नसताना. 17 तारखेला निर्णय फिरला. त्या हिवाळ्यात त्याच अर्जावर माझं वर्क परमिट आलं आणि मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागले, कारण न्यू जर्सीत विहिरीचं पाणी असलेलं घर विकायचं तर ते तपासावं लागतं. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं अनुभव काय, मी साखर सांगितली. त्या बाईला काही कळलं नाही, पण पिपेट हातात दिल्यावर कळलं. वर्षभरात घरं विकायची थांबली आणि आमचे तास निम्मे झाले. बाबाने विचारलं, आता? मी काय म्हणाले असेन सांग.

प्लॅनचा फॉर्म आहे तर भर बाबा, मला त्यातलं कळत नाही. पण आजीचं सांगते. ती 'बघू' नाही म्हणाली, 'बघू की' म्हणाली. सांगलीकडचं ते 'की' वेगळं असतं, ये की, बस की, खा की, तसलं. आणि काल तिने मला फोन करून विचारलं की त्या पोराला तिखट चालतं का, आणि वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्यात. तिकिटं काढ.

आई