काटा हलत नाही, तरी चालणं सोडू नकोस

परभणीच्या एका मैत्रिणीचं पत्र आहे, थोडक्यात देते: 'ताई, मी २७ वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय. मला पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा विकार) आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, व्यायाम करा. चार महिने रोज अर्धा तास चालले, वजन जेमतेम एक किलो उतरलं. सासूबाई म्हणतात, घरात काय काम कमी आहे का? आणि उड्याबिड्या मारल्या तर पोटातल्या गाठी फुटतात. पाळी येऊन तीन महिने होऊन गेले. सगळं सोडून द्यावं वाटतंय.'

बाळ, तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं आणि मग रागच आला. 'वजन उतरवा' एवढंच सांगून तुला घरी पाठवलं. किती चालायचं, कसं, कशासाठी, हे कुणी सांगितलंच नाही. आणि काटा हलला नाही की दोष तुझ्या पदरात.

पीसीओडी असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढवतं. पाळी लांबणं, हनुवटीवरचे केस, मुरुमं यांत त्याचा मोठा वाटा असतो. आता बघ, मांड्या-दंडांचे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनही जरा बरं काम करतं. यासाठी वजन उतरलंच पाहिजे असं नाही. म्हणजे तुझे चार महिने वाया गेलेले नाहीत, काट्याला ते दिसत नाहीत इतकंच.

पीसीओएससाठी (पीसीओडीचंच हे डॉक्टरी नाव) २०२३ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. तब्येतीसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि वजन थोडं तरी उतरवायचं असेल तर किमान २५०, असं त्यात आहे. तुझी होतात २१०. तू आळस केला नाहीस, हिशेब कुणी सांगितला नव्हता. रोज सहा-सात मिनिटं वाढव. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेव.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मात्र कुठेच नाही: ताकदीचा व्यायाम. तो आठवड्यातून दोनदा हवा, मध्ये एखादा दिवस सोडून. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठ-बस, भिंतीला हात टेकवून दहा दंड, पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून पुन्हा ऊठ-बस. सोपं वाटायला लागलं की पिशवीचं वजन वाढव. झुंबा, योगासनं, दोरी यांत अमुकच श्रेष्ठ असं काही सिद्ध झालेलं नाही. जे तुला आवडेल आणि रोज जमेल ते कर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच बाहेर पड. नाही जमलं तर घरातच कर.

सासूबाईंना सांग, त्या 'गाठी' म्हणजे गाठी नाहीतच. पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात, उडी मारून फुटत नाहीत. आणि घरकामाचं म्हणशील, तर पाण्याच्या कळशा वाहणं, झपाझप झाडणं-पुसणं हे मी व्यायामातच धरते. पण तासभर ओट्याशी उभं राहून पाय दुखले, तर ती दमणूक झाली, व्यायाम नव्हे. त्यांनाच सोबत ने की चालायला! सुनेच्या आजारावर बोलायला रस्त्यासारखी निवांत जागा घरात मिळत नाही.

आता पाळीचं. तीन महिने होऊन गेलेत, तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आधी गरोदरपणाची तपासणी होऊ दे. पाळी अशी फार लांबत राहिली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्याला औषध लागू शकतं आणि ते काम चालण्यावर सोडायचं नसतं. मूल हवंय हेही तिथे स्पष्ट सांग, त्यावरून औषधं बदलतात. जाताना नवऱ्याला बरोबर घेऊन जा.