एफडी मोडून कादंबरी छापावी का?

प्रश्न: मी ३४ वर्षांची. नाशिकला अंबडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हातात ४६,००० येतात. घरी मी आणि आई, घर स्वतःचं. स्कूटरचा हप्ता (३,२००, अजून ११ महिने) धरून माझ्या वाट्याचा खर्च २९,०००, एसआयपी ५,०००. एफडी ५,२०,००० आणि २०१८ पासूनचं पीपीएफ ३,१०,०००. आजोळ भंडारदऱ्याजवळ. आजीने सांगितलेल्या कहाण्या आणि साती आसरांच्या गोष्टी यांतून मी सहा वर्षं पहाटे उठून एक फँटसी कादंबरी लिहिली. तीन भागांपैकी पहिला पूर्ण आहे, १,६०,००० शब्दांचा. दोन प्रकाशकांनी 'एवढी मोठी, त्यातून फँटसी' म्हणून परत पाठवली. आता एक कंपनी २,३५,००० रुपयांत १००० प्रती, मुखपृष्ठ, जाहिरात असं पॅकेज देतेय. हा दर १५ तारखेपर्यंतच आहे. एफडी मोडून पुस्तक काढावं आणि वर्षभर नोकरी सोडून दुसरा भाग लिहावा, असा विचार आहे. चुकतेय का?

उत्तर: पत्रासोबतची दोन्ही प्रकरणं मी वाचली. हिशेबासाठी त्याची गरज नव्हती, पण डोहाकाठचे शेंदूर लावलेले सात दगड एका सकाळी सहाच उरतात, तिथे मी अडकलो आणि पुढचं वाचल्याशिवाय कागद खाली ठेवता येईना. हे पुस्तक निघावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच पुढचं स्पष्ट लिहितोय.

तुम्ही दोन निर्णय एकाच गाठीत बांधलेत. पुस्तक काढणं हा एक आणि नोकरी सोडणं हा दुसरा. दोन्हींचा भार त्या एकाच एफडीवर आहे. ५,२०,००० मधून २,३५,००० गेले की उरतात २,८५,०००. दरमहा २९,००० खर्च धरला, तर दहाव्या महिन्याचा खर्च त्यातून पुरा होत नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळं, एसआयपी थांबेल ती वेगळी. म्हणजे दुसरा भाग ऐन रंगात आलेला असताना तुम्ही नोकरीच्या जाहिराती बघत बसाल.

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: आईला मधुमेह आहे आणि तिचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. माझ्या मते अख्ख्या पत्रात पैशाच्या दृष्टीने सगळ्यात जड ओळ हीच. राजीनामा दिलात की ते छत्र जातं. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि आधीची वर्षं धरली जातात का, हे एचआरकडे आजच विचारा. तसं होत नसेल तर आईंची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच, नोकरी चालू असतानाच सुरू करा. कादंबरी काढा न काढा, हे काम करायचंच आहे.

आता त्या १००० प्रतींबद्दल. किंमत ५०० ठेवायची म्हणता. वितरकाने तुम्हाला ४५ टक्के कमिशन सांगितलंय, म्हणजे एका प्रतीमागे हातात २७५. या हिशेबाने २,३५,००० भरून यायला ८५५ प्रती खपायला हव्यात. नव्या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीच्या, त्याही दुकानातून. आणि वितरकाचे पैसे प्रती विकल्यावर, महिन्यांनी येतात. पॅकेजचे मात्र आधी भरायचे.

माझे मामा एसटीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी फंडाच्या पैशातून आपली कादंबरी छापली होती. १००० प्रती, कारण छापखान्यात म्हणाले हजाराला दर परवडतो. तांबड्या कागदात, सुतळीने बांधलेले वीस-वीस प्रतींचे गठ्ठे घरी आले आणि दिवाणाखाली, माळ्यावर, जिन्याखाली गेले. मामा गेल्यावर आम्ही मोजले, ३१ गठ्ठे उरले होते. म्हणजे ६२० प्रती. प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या आणि खालच्या प्रतीवर सुतळीचा वळ उमटला होता, खालच्या गठ्ठ्यांना कसर लागली होती. कादंबरी चांगली होती, आजही मी ती लोकांना वाचायला देतो. मामांना शेवटपर्यंत बोचत राहिलं ते मामीपुढे पैशाचा विषय निघाला की मान खाली घालावी लागायची, हे. तुमच्या आईंपुढे तुमची तशी वेळ येऊ नये.

पॅकेज सुटं करून बघू. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५०० लावलेत. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. कंपनीच्या आयएसबीएनवर पुस्तक निघालं, तर नोंदीत प्रकाशक म्हणून कंपनीचं नाव लागेल. 'संपादन' या नावाखाली काय करणार ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यांनी पाठवलेल्या नमुना पानांत तुमच्या 'गिऱ्हाण' राज्याचं सगळीकडे 'गिर्हाण' झालंय. मजकूर युनिकोडमधून डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याच्या, जुन्या फाँटमध्ये नेताना ऱ्ह, ऱ्य हमखास मोडतात आणि मग ओळ न् ओळ पुन्हा तपासावी लागते. तुमच्या पुस्तकात माणसांची, गावांची, डोहांची नावं तुम्ही घडवलेली आहेत; मुद्रितशोधक ती अंदाजाने दुरुस्त करू शकणार नाही. तेव्हा नावांची यादी आधी हातात द्या आणि जुळणी युनिकोडमध्येच करून घ्या, म्हणजे तीच फाइल ई-बुकलाही चालेल.

करारातलं सातवं कलम पाहून मला राग आला. 'सर्व माध्यमांतील हक्क, कायमस्वरूपी.' पैसे तुम्ही घालायचे आणि ऑडिओ, अनुवाद, मालिका, खेळ यांचे हक्कही तुम्हीच द्यायचे! कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १९ आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. कायदा इतकं सांभाळून घेतो, पण 'कायमस्वरूपी' लिहून खाली सही केलीत की हा आधार राहत नाही. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. फँटसीत लेखकाची खरी मालमत्ता त्याने उभं केलेलं जग असते: तुमचा नकाशा, ते सात डोह, ती नावं. पुस्तक हे त्यातलं पहिलं पीक. जमीनच लिहून देऊ नका.

मी काय करेन ते सांगतो. जाणकार संपादकाला ४५,००० (हे सगळ्यात आधी, आणि यात काटकसर नको), मुद्रितशोधन १६,०००, मुखपृष्ठ आणि नकाशा मिळून चित्रकाराला २०,०००, जुळणी पानाला ३५ रुपयांनी ४८० पानांचे १६,८००. एकूण ९७,८००. तुमची दरमहाची शिल्लक १२,००० आहे. त्यातले ७,००० बाजूला टाकलेत तर १४ महिन्यांत हे सगळं भागतं आणि एफडीला हात लागत नाही. ही कामं तशीही एकामागून एक होणारी आहेत, चौदा महिने लागतीलच. पीपीएफमधून आता थोडे काढता येतील हे खरं, पण ७.१ टक्के करमुक्त व्याजाचे पैसे तिथेच असू द्या.

छपाईला ३०० प्रती पुरेत. ४८० पानं म्हणजे सोळा पानी ३० फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं). डेमी या कादंबरीच्या नेहमीच्या आकारात प्रतीला १७० धरले तर ५१,०००. नाशिक आणि पुण्यात तीन छापखान्यांत विचारा, जीएसटी धरून दर घ्या. संपादकाने सोळा पानं कमी केली तर एक फर्मा वाचतो, तेव्हा कात्रीला घाबरू नका. हे ५१,००० प्रकाशनपूर्व नोंदणीतून उभे करा: ४०० रुपयांत, टपालखर्च वेगळा, १५० वाचक म्हणजे ६०,०००. तेवढे जमले नाहीत तर जेवढे जमले त्यावर पन्नास जास्त, एवढ्याच प्रती छापा.

नफा होईल असं मी म्हणणार नाही. १५० नोंदणीतून, १०० प्रदर्शनांत पूर्ण किमतीला आणि ५० वितरकाकडून, असे सगळे ३०० खपले तर येतात १,२३,७५०. खर्च १,४८,८००. म्हणजे २५,००० तुमच्या खिशातले. एवढे गेले तर तुम्हाला सोसतील. दुसऱ्या आवृत्तीला संपादन-मुखपृष्ठाचा खर्च पुन्हा नाही, त्यामुळे छपाईचा दर तोच राहिला तर वितरकाकडूनही प्रतीमागे शंभरेक रुपये सुटतात. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक काढायच्या सेवेवर, मराठी ई-बुक टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टमध्ये ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही.

पण थांबा, त्याआधी एक गोष्ट. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, आणि ती ज्यांचं अजून एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच आहे. घाईने ई-बुक काढलंत तर हे दार बंद होऊ शकतं. संपादन झालं की आधी तिथे अर्ज करा. त्या वर्षीच्या अटी, पानांची मर्यादा नीट वाचा. मिळालंच तर पैशापेक्षा जास्त उपयोग हस्तलिखित जाणकारांच्या नजरेखालून गेल्याचा होईल.

कराचं थोडक्यात: स्वतः पुस्तक विकलंत तर ते व्यवसायाचं उत्पन्न, त्यातून खर्च वजा होतो, म्हणून संपादकापासून सगळ्यांची बिलं ठेवा. लेखकांना रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत मिळणारी वजावट जुन्या करपद्धतीत आहे आणि ती प्रकाशकाकडून येणाऱ्या रॉयल्टीसाठी आहे, स्वतःच्या विक्रीसाठी नाही. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. त्या चार प्रती हिशेबात धरा.

राहिलं ते लेखनाचं वर्ष. ते तुम्हाला मिळावं, फक्त त्याचा पैसा वेगळा साठू द्या. शिलकीतून पुस्तकाचे ७,००० आणि आईंच्या विम्यासाठी महिना २,५०० बाजूला काढून उरलेले आरडीत टाका. ११ महिन्यांनी स्कूटरचा हप्ता सुटेल, तो त्यात जाईल. १४ महिन्यांनी पुस्तकाचे ७,००० मोकळे होतील, तेही. व्याज न धरता ३८ महिन्यांत वर्षभराचा खर्च, स्कूटरचा हप्ता वगळून आणि आईंच्या विम्याचा धरून, जमा होतो. तोवर आईंच्या पॉलिसीतली थांबण्याची मुदतही सरलेली असेल. मग राजीनामा दिलात तर मी अडवणार नाही. मधल्या काळासाठी, साठलेल्या ४० रजांपैकी तीन आठवडे पावसाळ्यात सलग घ्या आणि भंडारदऱ्याला जाऊन लिहा.

१५ तारीख जाऊ द्या. त्यांचा फोन आला तर सातवं कलम काढणार का, एवढंच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.