खिडकीपलीकडचा माणूस

प्रिय मुली,

काल फोनवर "सिस्टर, हे काम मला जमणार नाही" म्हणालीस आणि रडलीस. केस पेपरच्या खिडकीशी एक माणूस तुला वाट्टेल ते बोलला. रात्रभर माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहायला बसले.

जाता जाता तू एक गोष्ट सांगितलीस: त्याची आई 2021च्या एप्रिलमध्ये तुमच्याच दवाखान्यात गेली. तिथे जरा थांब. तेव्हा कोविडमुळे वॉर्डात नातेवाइकांना येऊ देत नव्हते. आपल्याशी कोण बोलतंय हे पेशंटला कळावं म्हणून आम्ही पीपीई किटवर मार्करनं नावं लिहायचो. माणूस गेला की गुंडाळून थेट स्मशानात. मोबाईल, चष्मा, मंगळसूत्र एका पिशवीत घालून गेटवर परत द्यायचं. अशा पिशव्या मी माझ्या हातांनी दिल्यात. घेणारा आत वाकून बघायचा, आणि आम्ही लांब उभ्या. कित्येकांना शेवटचं तोंड दिसलं नाही, मुखात पाणी घालता आलं नाही. दुखवट्याला माणसं येतात, बसतात, तीच हकीकत दहादा ऐकतात, त्यानं मन मोकळं होतं. या घरांत कोणी आलंच नाही. आता तोच माणूस वडिलांना घेऊन त्याच गेटमधून आत आला, आणि खिडकीत तू होतीस. त्याच्या शिव्या तुला लागल्या, त्या लागणारच. पण त्यावरून तू नालायक ठरत नाहीस.

"शांत व्हा" हे दोन शब्द मात्र कायमचे सोड. त्यांनी आजवर कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. काचेआडून बाहेर ये. त्याला गर्दीतून बाजूला घे, बाकावर बसव, तूही बस. बसल्यावर आवाज आपोआप खाली येतो. "वडिलांचं नाव काय?" असं विचार आणि पुढे त्याच नावानं बोल. मग खरं असेल तेवढंच सांग: "डॉक्टर राउंडला आहेत. साडेअकराला मी स्वतः येऊन सांगते." आणि साडेअकराला जा! काही कळलं नसेल तरी जा, "अजून कळलेलं नाही" एवढं सांगायला. मी पाहिलेली बरीचशी भांडणं उशिरापेक्षा कोणी काही सांगत नाही यावरून पेटली.

आईचा विषय त्यानं काढला तर ऐक, आपण होऊन उकरू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही क्रम असाच आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. हे शेवटचं आपण विसरतो. समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीपर्यंत त्याला स्वतः पोचव, नुसतं बोट दाखवू नकोस.

माणूस प्यालेला असेल, हात उगारत असेल किंवा मागे जमाव असेल, तर यातलं काहीही करू नकोस. वाट मोकळी ठेव, मागे हो, सिक्युरिटीला बोलाव आणि नंतर लेखी तक्रार दे. दवाखान्यातल्या माणसांवर हात टाकणं हा आपल्या राज्यात 2010च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे. "जाऊ दे, दुःखात होता" असं कोणी समजावलं तरी ऐकू नकोस. दुःख समजून घ्यायचं, मार खायचा नाही.

आता तुझं. झोप लागत नाही, जेवताना त्याचा आवाज ऐकू येतो म्हणालीस. महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य पंचवीस टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं, त्यात आपण कर्मचारीही आलो. मी स्वतः वर्षभर कोणाला बोलले नाही, ड्युटी संपली की बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. माझं चुकलं. तू तसं करू नकोस. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव; फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पंधरा दिवसांत झोप सुधारली नाही तर मानसोपचाराच्या ओपीडीत जा. सोबत हवी असेल तर मी येते.

रविवारी सुट्टी आहे ना? जेवायला घरी ये.

तुझी,
सिस्टर