‘पोर्टलवर सगळे दिले आहे, तरी मुले तेच विचारतात’

ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवणारे प्राध्यापक समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक चिंता बहुतेकांच्या बोलण्यात असते. सगळी माहिती पोर्टलवर दिलेली असूनही विद्यार्थी रात्री-अपरात्री तेच प्रश्न विचारतात. त्यांना गांभीर्य नाही, की आपणच शिकवण्यात कमी पडतो आहोत? तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा अनुभव या चिंतेवर बराच प्रकाश टाकतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्याकडे दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन घेण्याचे काम आले होते. सत्राच्या मध्यापर्यंत त्यांची झोप उडाली होती आणि फोन वाजला की छातीत धडधडायचे. ‘मॅडम, मला आता या मुलांचा राग येतो, आणि राग आल्याची लाजही वाटते,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांना दोन गोष्टी दाखवायला सांगितल्या: विद्यार्थ्यांचे संदेश आणि त्यांनी मुलांना दिलेला सिलॅबस.

सिलॅबस म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने मंजूर केलेला दस्तऐवज जसाच्या तसा चढवला होता. त्यात उद्दिष्टे, चार घटक, घटकनिहाय तासिका आणि संदर्भग्रंथ होते. काय शिकवायचे हे त्यातून शिक्षकाला नेमके कळते. पण सोमवारी सकाळी फोन उघडून बसलेल्या विद्यार्थ्याने आधी काय करायचे, हे त्यात कुठेच नसते, आणि तो दस्तऐवज त्यासाठी तयारही केलेला नसतो. वर्गात ही उणीव बोलून भरून निघते, कारण तास संपताना शिक्षक दोन वाक्ये सांगतात आणि उरलेले मुले एकमेकांना विचारून घेतात. ऑनलाइन शिक्षणात ती दोन वाक्येही लिहूनच द्यावी लागतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांप्रमाणे व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन हे चारही भाग बाईंनी मेहनतीने तयार केले होते, मात्र त्यांचा क्रम आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कुठेही नोंदवलेला नव्हता.

संदेश वाचल्यावर मुलांच्या गांभीर्याविषयीची शंका फारशी उरली नाही. त्यांनी सूचना दिली होती, ‘असाइनमेंट 15 तारखेला रात्री 12 पर्यंत सादर करावी.’ काही मुलांनी 14 तारीख उलटतानाचे बारा धरले, काहींनी 15 तारीख संपतानाचे, आणि दोन्ही अर्थ बरोबरच होते. हाताने लिहून फोटो पाठवला तर चालेल का, मराठीत लिहू का, चॅटजीपीटीची मदत घेतली तर गुण जातील का, गावात रेंज नसेल तर काय, हे बाकीचे प्रश्नही वाजवीच होते. ते वाचून झाल्यावर मी त्यांना एवढेच सुचवले की याच प्रश्नांवरून नवे पत्रक लिहायला घ्यावे.

लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला तो कामाच्या हिशेबावर, आणि माझ्या मते कोणत्याही सिलॅबसचा खरा कस तिथेच लागतो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी अध्ययनाचे 30 तास धरले जातात. दोन श्रेयांकांचे 60 तास 15 आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला चार तास येतात. बाईंनी ठरवलेल्या एका आठवड्याच्या कामापुढे आम्ही वेळ लिहीत गेलो: थांबवून टिपणे काढत व्हिडिओ पाहायला अडीच तास, वाचनाला दोन, चाचणीला अर्धा, चर्चेत लिहायला एक आणि असाइनमेंटला एक. बेरीज सात तास झाली. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मग काही व्हिडिओ त्यांनी ऐच्छिक केले, चर्चा पंधरवड्याला एकदा ठेवली आणि वाचन निम्म्यावर आणले. ही काटछाट त्यांना जड गेली, कारण प्रत्येक व्हिडिओमागे त्यांचा एक रविवार खर्च झालेला होता.

बाकीचे मुद्दे लवकर आटोपले. सादरीकरणाची वेळ ‘रविवार, रात्री 11:59’ अशी वाराने आणि घड्याळाने लिहिली. 50 पैकी 20 अंतर्गत गुण कशाकशाला, ते सांगितले. उशीर झाल्यास कारण न विचारता दोन दिवसांची सवलत ठेवली, कारण एकच फोन तीन भावंडांत वापरणाऱ्या मुलीला दर वेळी घरची परिस्थिती उलगडून सांगायला लावणे मला योग्य वाटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत कुठे चालेल आणि कुठे नाही, हे उदाहरण देऊन लिहिले. संदेशांना कामाच्या एका दिवसात उत्तर मिळेल, मात्र रात्री आठनंतर नाही, हेही त्यात घातले. हे वाक्य लिहिताना त्या अडखळल्या. विद्यार्थ्यांना ते तुसडे वाटेल अशी त्यांना धास्ती होती. मी त्यांना सांगितले की उत्तर कधी येईल हे माहीत असलेला विद्यार्थी निवांत झोपतो, आणि शिक्षकालाही झोपेचा हक्क आहेच.

पुढच्या सत्रात रात्रीचे संदेश पुष्कळ कमी झाले, तरी पूर्ण थांबले नाहीत, कारण पत्रक न वाचणारी मुले असतातच. त्यांच्यासाठी बाईंनी पहिल्या आठवड्यात पत्रक समोर ठेवून सोडवायची छोटी चाचणी घेतली. सवलतीच्या दोन दिवसांवरचा प्रश्न बऱ्याच जणांचा चुकला, तेव्हा त्यांनी मुलांना न रागावता तो परिच्छेद त्याच संध्याकाळी सोप्या शब्दांत पुन्हा लिहिला आणि बदलाची तारीख पत्रकाच्या माथ्यावर नोंदवली.