वाट शेतातून जाते, मग जायचं की नाही? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या खेड्यांभोवतीच्या रानावनातल्या भटकंतीवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधूनच बरेच प्रश्न आलेत, कारण आता इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत दर दोन घरांआड कोणीतरी तिकडे आहेच. मी स्वतः काही वर्षं तिकडे राहून, पायपीट करून परत आलोय, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

प्रश्न : मुलगा ऑक्सफर्डजवळच्या एका गावात राहतो, मी मे ते जुलै तिकडे असते. दिवसभर दोघं कामावर. घरामागे "पब्लिक फूटपाथ" अशी पाटी आहे, पण तिचा बाण सरळ कोणाच्यातरी गव्हाच्या शेतात जातो! मुलगा म्हणतो आई बिनधास्त जा. माझा पाय काही उचलत नाही. कोणी हटकलं तर काय सांगू? शिवाय पुढच्या शेतात गाई मोकळ्या असतात. (निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर)

काकू, मुलगा बरोबर सांगतोय. पहिल्यांदा तो शब्दच डोक्यातून काढा, आपल्याकडे फूटपाथ म्हणजे रोडच्या कडेचा, ज्यावर भाजीवाले आणि बाइक उभ्या असतात तो. त्याला ते लोक पेव्हमेंट म्हणतात. तिकडचा फूटपाथ म्हणजे आपली पायवाट, शेतातून, जंगलातून, कधी कोणाच्या अंगणाला लागून गेलेली, आणि तिच्यावरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. म्हणजे तुम्हालाही, पाहुण्या म्हणून गेलात तरी. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा साधारण सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. जमीन शेतकऱ्याचीच, फक्त वरून चालायचा हक्क लोकांचा.

पहिल्यांदा मीही तुमच्यासारखाच पाटीपाशी दहा मिनिटं उभा होतो. आपल्याला लहानपणापासून सवय ना, की दुसऱ्याच्या शेतात शिरलं की लांबून "ए कोण आहे रे" ऐकू येणार. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, म्हटलं संपलं आता, तर त्या बाबाने हात वर करून गुड मॉर्निंग केलं आणि गेला. तेव्हा कोणी हटकणार नाही, आणि चुकून विचारलंच तर "फूटपाथवरून चाललेय" एवढं पुरे.

खांबावरचे बाण बघायला शिका. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल, तेव्हा मागून टापा ऐकू आल्या तर शांतपणे कडेला व्हा, घोडा बुजतो. वाट कुंपणाला अडली की तिथे फाटक असतं नाहीतर स्टाईल असते, म्हणजे कुंपणावर चढून पलीकडे उतरायला लाकडाच्या एकदोन फळ्या, साडी नेसून ते जमायचं नाही, पंजाबी ड्रेस नाहीतर ट्रॅकपँट घाला. गुडघे कुरकुरत असतील तर मुलाला फाटकांची वाट शोधून द्यायला सांगा. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं, कारण कधी गुरांना पाण्याकडे जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

आता गाई. काकू, इथे मात्र तुमचा मुलगा म्हणेल तेवढं बिनधास्त नका राहू. आपली गाय दारात बांधलेली, आपण जाता जाता पाठीवर हात ठेवून नमस्कार करतो. तिकडची गाय पाच-सहाशे किलोची, मोकळी, माणसाने हात लावायची सवय नसलेली. वासरू बरोबर असेल तर फार जपा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही. लांबून वळसा घाला, त्यासाठी थोडं वाट सोडून जायला लागलं तरी चालतं, पुढे परत वाटेवर या. तरणे गोऱ्हे कधी कधी नुसत्या उत्सुकतेने पळत मागे येतात, पळू नका, तोंड त्यांच्याकडे ठेवून सावकाश चालत फाटक गाठा. आणि मुलाचा कुत्रा बरोबर नेलात तर साखळी धरूनच ठेवा, पण गाय अंगावर आलीच तर साखळी सोडून द्या. राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो, आपण सुटत नाही. दरवर्षी तिकडे यात माणसं दगावतात म्हणून एवढं लांबण लावलं.

मे महिन्यात जाताय तर पहिल्याच आठवड्यात एखादं जुनं जंगल बघून घ्या, ब्लूबेल नावाची फुलं संपत आलेली असतील पण मिळतील. एप्रिलच्या मध्यापासून साधारण महिनाभर झाडांखाली नुसता निळा-जांभळा गालिचा असतो. त्याचं कारण मजेशीर आहे, वरच्या झाडांना अजून पूर्ण पालवी फुटलेली नसते, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तेवढ्या मुदतीत ही फुलं आपला कारभार उरकून घेतात. पानं दाट झाली की खेळ खलास. आपल्या अंजनेरीवर पावसाळ्यातलं कंदीलपुष्प बघायला जसं वेळ साधून जावं लागतं तसंच. फक्त वाटेवरूनच बघा, पानं तुडवली तर त्या जागी पुढची काही वर्षं फुलं येत नाहीत, आणि कंद उकरून आणणं तर बेकायदाच आहे (हो, हे विचारणारे लोक भेटलेत मला, कुंडीत लावायचे होते म्हणे).

प्रश्न : माझी गिरणारे शिवारात द्राक्षबाग आहे. तुमचं वाचून हसूच आलं. इथे भाऊबंदकीत फूटभर बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात आणि तिकडे कोणीही उठून शेतातून चालत जातं? मग तो शेतकरी नांगरतो कसा, आणि त्याला यातून मिळतं काय? (एक बागायतदार)

दादा, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला जास्त आवडला. मिळतं काय, तर वाटेचं भाडं वगैरे काही नाही. उलट फाटकं आणि स्टाईल नीट ठेवायची जबाबदारी त्याचीच, कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक संस्था, खर्चाचा निदान चौथा हिस्सा देते. नांगरायला मात्र बंदी नाही, वाट शेताच्या मधून जात असेल तर नांगरू शकतो, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली की 14 दिवसांत परत चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद, आणि पीक वर आलं तरी तेवढी पट्टी मोकळी ठेवायची. म्हणून तिकडे गव्हातून भांग पाडल्यासारखी सरळ रेघ गेलेली दिसते, आणि माणसं त्या रेघेतून एकामागे एक चालतात. वाट बांधाकडेने असेल तर ती नांगरायचीच नाही, दीड मीटर सोडायची. वळूचेसुद्धा नियम आहेत, दुधाळ जातीचा दहा महिन्यांवरचा वळू वाटेच्या शेतात सोडताच येत नाही, बाकी जातींचा चालतो पण बरोबर गाई हव्यात, एकटा असला की फार डोकं फिरतं म्हणे त्याचं.

आपल्याकडेही वहिवाट आहेच की. बांधावरून रस्ता मागायचा तर महसूल कायद्याचं कलम 143, असलेला रस्ता कोणी अडवला तर 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पण फरक बघा, आपली वहिवाट कोणाची, तर ज्याचं पुढे शेत आहे त्याची, बैलगाडी न्यायला, माल काढायला. काम पाहिजे. तिकडच्या वाटा पण मूळच्या अशाच, गड्यांनी शेतावर जायच्या, चर्चला जायच्या, पिठाच्या चक्कीवर जायच्या. काम संपलं, वाट राहिली, आणि कायदा विचारतच नाही की तुझं पुढे काय काम आहे. नुसतं पाय मोकळे करायला जातो म्हटलं तरी हक्क तोच.

आणि हे काही त्यांना आपसूक मिळालं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या गायरानासारख्या सामायिक जमिनी कुंपणं घालून खाजगी झाल्या, आज आपण ज्या सुंदर हिरव्या कुपाट्यांचे फोटो काढतो ना त्यातल्या कित्येक तेव्हाच्याच. डोंगराळ माळ शिकारीसाठी बंद झाले. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडचे काहीशे कामगार ठरवून, बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले, त्यातले पाच जण तुरुंगात गेले. मग 1949 मध्ये कायदा झाला, त्याने प्रत्येक कौंटीला (आपल्या जिल्ह्यासारखं) आपल्या वाटा नकाशावर पक्क्या मांडायला लावल्या. त्या नकाशात वाट आहे म्हणजे आहे, वापर नाही म्हणून ती आपोआप मरत नाही, मालक बदलला तरी नाही. आपल्या पाणंद रस्त्यांचं असं झालं असतं तर निम्मे तंटे मिटले असते असं मला वाटतं, बाकी तुम्ही जाणकार.

शेतकरी खूश असतो का? सगळे नसतात. लोकांचे कुत्रे गाभण मेंढ्यांच्या मागे लागतात, प्लास्टिक टाकतात, त्यांची चिडचिड मला रास्तच वाटते. मेंढ्यांवर सुटलेल्या कुत्र्याला ठराविक परिस्थितीत गोळी घालायची मुभासुद्धा कायद्यात आहे.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी लंडनला चाललेय. गाडी नाही, बजेट नाही. रामशेज, हरिहर केलेत. एका दिवसात होईल असं काहीतरी सांगा ना. (कॉलेज रोड)

हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या मुलीला चढाईची भीती नाही, तुला सवय करायची ती चिखलाची. ट्रेनने जा, मॅरिलबोन स्टेशनवरून वेंडोव्हर, पाऊण तासाच्या आसपास. तिथून रिजवे नावाची लांब पल्ल्याची वाट जाते, पूर्ण 87 मैलांची आहे, आपण त्यातला प्रिन्सेस रिसबरोपर्यंतचा तुकडा घ्यायचा, साधारण 11 किलोमीटर. आधी कूम हिल, मग बीच नावाची उंच झाडं, मोकळी शेतं, आणि मधेच ही वाट चेकर्सच्या आवारातून जाते. चेकर्स म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांचं गावाकडचं घर! त्यांच्या गाडीरस्त्याला ओलांडून पायवाट, विचार कर. वाट सोडून आत शिरलीस तर मात्र सरळ गुन्हा आहे. डोक्यावर घारी दिसतील, तांबूस, दुभंगलेल्या शेपटीच्या, त्या तिथे संपल्या होत्या, 1989 पासून परदेशातून आणून पुन्हा सोडल्या. परत येताना रिसबरोवरून मॅरिलबोनलाच गाडी मिळते पण लाईन वेगळी, तेव्हा रिटर्न तिकीट काढताना विचारून घे.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिकडच्या सरकारी नकाशासंस्थेचा घे, केशरी कव्हरचा एक्सप्लोरर, 1:25,000, म्हणजे 4 सेंटिमीटरला एक किलोमीटर. गुलाबी कव्हरचा नको, कारण केशरीत शेतांच्या कुपाट्यासुद्धा काढलेल्या असतात आणि तिकडे चुकामूक होते ती इथेच, कुपाटीच्या या अंगाने जायचं की त्या अंगाने. फोनवर ॲप ठेव पण दरीत रेंज जाते.

वेळ मोजायला 1892 पासूनचा एक ठोकताळा आहे, तासाला 5 किलोमीटर आणि वर दर 300 मीटर चढाला अर्धा तास. चिखल असेल तर मी त्यावर अजून पाऊण तास टाकतो, कारण चिल्टर्नची, म्हणजे त्याच टेकड्यांची, ती माती पावसात आपल्या काळ्या रानासारखी बुटाला धरते, दोन किलोचा बूट होतो. जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड, पण तू जातेयस सप्टेंबरात, डिसेंबरमध्ये चारलाच अंधार. सकाळची गाडी पकड. आणि गावातल्या बसच्या भरवशावर रविवारी राहू नकोस, पुष्कळ गावांत नसतेच.

प्रश्न : शाकाहारी माणसाने वाटेत खायचं काय? आणि खाजकुइलीसारखं काही असतं का? (पंचवटी)

असतं, नेटल, वाटेच्या कडेला भरपूर, पान लागलं की आग आग होते पण थोड्या वेळात जाते. म्हणून उन्हाळ्यातही हाफ पँट नको. गोचीड जास्त वाईट, उंच गवतातून चिकटतात, घरी आल्यावर मांड्या-गुडघ्यांमागे बघून चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नंतर तिथे गोल लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टर गाठा, लाइम नावाचा आजार असतो.

खाण्याचं, तर गावात पब असतो, चिखलाचे बूट दाराशी काढून आत बसा, नुसतं सूप-ब्रेड घेतलं तरी कोणी काही म्हणत नाही. पण दुपारी अडीचच्या सुमारास पुष्कळ ठिकाणी किचन बंद, मग संध्याकाळपर्यंत ठणठणाट. चिप्स कशात तळतात ते विचारा, काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. मी तर डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवायचो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर कुपाट्यांवर ब्लॅकबेरी लगडलेल्या असतात, वाटेवर उभं राहून खाण्यापुरत्या तोडल्या तर 1968 च्या चोरीच्या कायद्यातसुद्धा ती चोरी धरत नाहीत, विकायला तोडल्या तर धरतात. कुत्रे जातात त्याच्यापेक्षा वरच्या फांदीच्या तोडा.