रुईवरची अळी आणि पुस्तकातली अळी

प्रश्न : मी यावल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, तिसरी-चौथी एकत्र. शाळेत कीटकांची माहितीची चित्रपुस्तकं आलीत. चित्रं मस्त आहेत पण पोरं पानं उलटतात, 'बापरे केवढा मोठा' म्हणतात आणि ठेवून देतात. मी वाचून दाखवलं तर दोन पानांत चुळबुळ सुरू. त्यात पालक म्हणतात, बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला आणि तुम्ही शाळेत किडेच शिकवता का? काय करू?

उत्तर : ताई, माहितीचं पुस्तक गोष्टीसारखं पहिल्या पानापासून वाचायचा हट्ट आधी सोडा, ते मधूनच उघडायचं असतं, आणि उघडायचं कधी तर पोरांना काहीतरी प्रश्न पडल्यावर. म्हणून पुस्तकाआधी किडा बघा.

शाळेजवळ रुईचं झाड शोधा. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत कुठंही असतंच, आणि त्याच्यावर कुणी फवारणी करत नाही. (कपाशीत पोरांना अजिबात नेऊ नका, कधी काय फवारलंय कळत नाही.) फक्त पानं तोडू देऊ नका, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, नुसतं बघायचं, आणि परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. पावसाळ्यानंतर पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल, ती प्लेन टायगर फुलपाखराची. तिच्या अंगावर काळी शिंगं असतात, ती मोजायला लावा. तीन जोड्या भरतील. आता पुस्तक उघडा. बाहेरच्या भाषेतून आलेलं पुस्तक असेल तर त्यात बऱ्याचदा अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू असतं, त्याची अळी अगदी अशीच पट्ट्यापट्ट्यांची पण शिंगं दोनच जोड्या. मग वर्गात भांडण लागतं, मॅडम पुस्तक चुकलं! लागू द्या, तुम्ही लगेच उत्तर सांगू नका. पोरं स्वतःहून चित्राखालची ओळ वाचतात, देशाचं नाव शोधतात, आणि दोघं बरोबर आहेत, तिकडची अळी वेगळी इकडची वेगळी, हे त्यांचं तेच काढतात. मला तर वाटतं माहितीचं पुस्तक वाचणं म्हणतात ते हेच.

त्याच झाडावर पिवळा मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) असतो आणि बऱ्याचदा त्याला खायला लेडीबर्ड म्हणजे ढालकिडे आलेले असतात. लेडीबर्ड सगळ्यांना गोंडस वाटतो, पण त्याची अळी काळपट, लांबुळकी, काटेरी दिसते आणि शेतात दिसली की नुकसान करणारी समजून मारली जाते, खरं तर ती मावा खाऊन आपलंच काम करत असते. पुस्तकातलं जीवनचक्राचं पान इथं कामाला येतं, आणि हे पान पोरांच्या हाती घरी पाठवा. पालकांना उत्तर तेच देतील. एखाद्या शेतकरी पालकाकडून कामगंध सापळ्यातले (पतंग पकडायला शेतात वासाची गोळी लावून टांगतात तो) बोंडअळीचे मेलेले पतंग बंद पारदर्शक बाटलीत मागवा, सापळ्यात फक्त नर येतात, ते का, हे त्या पालकालाच वर्गात सांगू द्या.

'केवढा मोठा'वर उपाय सोपा आहे. चित्राशेजारी खरी लांबी दिलेली असेल तर तेवढी रेघ पट्टीने वहीत काढायची, बस.

आणि जूनमध्ये पहिल्या पावसात लाल मखमली मृगाचा किडा निघतो ना, त्याचे पाय नक्की मोजायला लावा. आठ असतात! म्हणजे सहा पायांच्या कीटकांत तो बसत नाही, कोळ्याच्या जवळचा आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत अशी पुस्तकंच नाहीत आणि विकत घेणं परवडत नाही. (शिरपूरहून एक शिक्षक)

उत्तर : सर, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत पुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोडही होतात, मोबाईलवरून शाळेच्या टीव्हीवर लावा. कीटकांचं काळं-पांढरं प्रिंट मात्र काढू नका, रंग गेला की ओळखच जाते. आणि शाळेचं एक पुस्तक पोरांकडूनच बनवून घ्या, एका किड्याला एक पान : चित्र, पाय किती, कोणत्या झाडावर, काय खात होता, अहिराणीत किंवा पावरीत घरी त्याला काय म्हणतात. तारीख विसरू देऊ नका, पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो किडा कधी शोधायचा ते त्यावरून कळतं.