चौकोनी मंडल

प्रश्न असा आला आहे: "मुलगी सुट्टीत 'मंडला आर्ट' शिकून आली. तिच्या बाईंनी सांगितलं, मंडला म्हणजे वर्तुळ. त्याच महिन्यात सासूबाईंच्या व्रताचं उद्यापन झालं. गुरुजींनी चौरंगावर रंगीत तांदळांचा चक्क चौकोन केला आणि त्याला 'मंडल' म्हणाले. मुलगी म्हणते, गुरुजी चुकले. शब्द नक्की कोणता, मंडल, मंडळ की मंडला? आणि जे गोल नाही ते मंडल कसं?"

गुरुजी चुकलेले नाहीत. बाईही अर्ध्या बरोबर आहेत. या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण शब्दाचं मर्म त्या चौकोनातच आहे. पण आधी लेखनाचं उरकून घेऊ.

मूळ संस्कृत शब्द 'मण्डल', नपुंसकलिंगी. मराठीच्या तोंडी दोन स्वरांमधला एकटा 'ल' बहुतेक वेळा 'ळ' झाला: फलचं फळ, कमलचं कमळ, तसं मंडलचं मंडळ. पसायदानात 'भूमंडळीं' आहे ते याच वळणाने. पुढे संस्कृत रूपही पंडितांच्या लेखणीतून मराठीत वावरत राहिलं. मग दोघांनी कामं वाटून घेतली, जशी मंगल आणि मंगळ यांनी घेतली आहेत. माणसं एकत्र आली की मंडळ: भजनी मंडळ, मंत्रिमंडळ, गणेशोत्सव मंडळ. पूजेचं, ऋग्वेदाचं किंवा सूर्याचं असलं की बहुधा मंडल. वाटणी काटेकोर नाही, पण कानाला फरक कळतो.

'मंडला' हा तोच शब्द परदेश फिरून आलेला. रोमन लिपीत त्याच्या शेवटी ए हे अक्षर लागतं, इंग्रजी बोलणारे त्याचा 'आ' करतात आणि आपण तो ऐकून पुन्हा देवनागरीत लिहितो. योगचं योगा झालं ते असंच. मराठीत याची एक खास अडचण आहे. 'मंडल'चं सामान्यरूपच 'मंडला' होतं: मंडलात, मंडलाचा, मंडलाभोवती. त्यामुळे नुसतं 'मंडला' वाचलं की पुढचा प्रत्यय गळून पडल्यासारखं वाटतं. मी 'मंडल' लिहीन. अनेकवचन मंडलं किंवा मंडले.

आता चौकोन. गुरुजींनी केलं ते बहुधा सर्वतोभद्र मंडल. पुढच्या वेळी मुलीला चौरंगाजवळ बसवा आणि घरं मोजायला सांगा. आडव्या १९ आणि उभ्या १९ रेघा, म्हणजे १८ गुणिले १८, एकूण ३२४ घरं. प्रत्येक कोपऱ्यात तीन पांढऱ्या घरांची चंद्रकोर, तिला 'खंडेंदु' म्हणतात. तिथून आत तिरपी उतरत जाणारी काळी 'शृंखला', तिच्या बाजूने हिरवी 'वल्ली', मग तांबडी 'भद्रं' आणि पांढऱ्या 'वापी'. वापी म्हणजे विहीर. या सगळ्याच्या आत २० पिवळ्या घरांचा 'परिधी' आणि अगदी मध्ये १६ घरांत अष्टदल कमळ. देवतांचं आवाहन होतं तेही मधूनच, ब्रह्मदेवापासून. म्हणून त्यांना 'ब्रह्मादि मंडलदेवता' म्हणतात. सगळा चौकोन त्या सोळा घरांकडे तोंड करून बसलेला असतो. वास्तुपुरुषाचं मंडलही चौकोनीच, ६४ किंवा ८१ पदांचं.

शब्दाच्या पोटात गोलाई आहेच, ती नाकारायचं कारण नाही. सूर्याचं बिंब ते सूर्यमंडल. आपण ज्याला चंद्राचं खळं म्हणतो त्यालाही संस्कृतात मंडल म्हणतात. सुश्रुताने सापांचा एक वर्ग 'मंडली' असा केला, अंगावर गोल ठिपके असणारे. आयुर्वेदात त्वचेवर चकंदळं उठणाऱ्या एका रोगाचं नाव 'मंडलकुष्ठ'. इतका साधा, अंगावर दिसणारा शब्द आहे हा.

पण फार पूर्वीच तो गोल आकार सोडून पुढे गेला. ऋग्वेदाची दहा मंडलं कुठल्याच अर्थाने गोल नाहीत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचं प्रत्येक मंडल मुख्यतः एकेका ऋषिकुळाच्या सूक्तांचं आहे. कौटिल्याचं राजमंडल बघा. मध्ये विजिगीषु, म्हणजे जिंकू पाहणारा राजा. त्याच्या सीमेला लागून अरि, अरिपलीकडे मित्र, त्यापलीकडे अरिमित्र, असे मिळून बारा राजे. नकाशावर ही राज्यं कशीही वेडीवाकडी असोत, कोण शत्रू आणि कोण मित्र हे मधला कोण यावरून ठरतं. उद्या शेजारचा राजा विजिगीषु झाला की मंडल बदललं. दक्षिणेत चोळांच्या मुलखाला चोळमंडलम म्हणत, त्याचंच युरोपीय तोंडी कोरोमंडल झालं. आपल्याकडे फेरफार मंजूर करून घ्यायला ज्यांच्याकडे जावं लागतं त्या मंडळ अधिकाऱ्याचं 'मंडळ' म्हणजे काही गावांचा गट. गावांच्या हद्दी गोल कशा असतील?

तेव्हा माझ्या मते मंडल म्हणजे एक मध्य आणि त्या मध्याशी बांधलेलं भोवतालचं सगळं. आकार गोल असो की चौकोनी. आणि याला पुरावा बाहेरून मिळतो, तिबेटी भाषांतरकारांकडून. बौद्ध ग्रंथ तिबेटीत नेताना मंडलाला त्यांनी शब्द केला 'क्यिलखोर'. क्यिल म्हणजे मध्य, खोर म्हणजे त्याच्या भोवतीचा फेरा. नुसत्या वर्तुळाला शब्द शोधत ते बसले नाहीत, मध्य पहिला ठेवला. तिबेटी परंपरेत संस्कृत शब्दाची फोडही अशीच सांगतात: 'मण्ड' म्हणजे सार आणि 'ल' म्हणजे घेणारं, सार धरून ठेवणारं ते मंडल. बुद्धांना जिथे बोध झाला त्या जागेला बोधिमण्ड म्हणतात, त्यातलं हे 'मण्ड'. ही निरुक्ती आहे, म्हणजे अर्थ उलगडायला परंपरेने केलेली फोड, भाषाशास्त्राची व्युत्पत्ती नव्हे, पण शब्द वापरणाऱ्यांच्या मनात काय होतं ते तिच्यातून कळतं.

तिबेटी भिक्षूंची वाळूची मंडलं तुम्ही चित्रफितींत पाहिली असतील. बाहेर ज्वाळांचं कडं, त्याच्या आत वज्रांचं, कमळदळांचं. पण त्या कड्यांच्या आत काय असतं? चौकोन. चार दिशांना चार दारं असलेला राजवाडा, वरून पाहिल्यावर दिसेल तसा. मंडल हा त्या वाड्याचा आराखडा आहे आणि मध्ये त्याची देवता राहते. कालचक्र मंडलात ७२२ देवता मोजतात. भिक्षू आधी पांढऱ्या सुताने रेघा पाडतात, मग रंगीत वाळू भरतात, मधून बाहेर. वाळू चिमटीने सोडत नाहीत. 'चकपुर' नावाची निमुळती धातूची नळी असते, तिच्या अंगावर खाचा. दुसरी नळी त्या खाचांवर घासली की कंपनाने वाळू पाण्यासारखी बारीक धारेने पडते. ती खरखर खोलीभर ऐकू येत राहते. दिवसच्या दिवस हे काम चालतं. मग विधी होतो आणि सगळी वाळू कडेपासून मध्याकडे ओढून कलशात भरतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. हे पाहून अनेकांना चुटपुट लागते. मला मात्र आपल्या गुरुजींचं 'यान्तु देवगणाः' आठवतं. अक्षता टाकल्या, देवतांना निरोप दिला, चौरंग हलवला, की ३२४ घरांचे रंग एकमेकांत मिसळतात. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. देवता मंडलात राहायला आलेल्या असतात, मंडल टिकवून ठेवायला नव्हे.

दारं का, हाही प्रश्न मुलीने विचारायला हवा. मंडल नुसतं बघायचं नसतं, त्यात शिरायचं असतं. दीक्षेच्या वेळी शिष्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि त्याला मंडलावर फूल टाकायला सांगतात. फूल ज्या देवतेवर पडेल तिच्याशी त्याचा धागा जुळला. कूकाई हा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे हुइग्वो या गुरूकडे त्याने दोन मंडलांची दीक्षा घेतली. परंपरा सांगते, दोन्ही वेळा त्याचं फूल मधोमध महावैरोचन या बुद्धावर पडलं. ८०६ साली तो परतला तेव्हा दोन्ही मंडलं जपानात आली, गर्भधातु आणि वज्रधातु. जपानी लोक मंडलाला 'मांदारा' म्हणतात. यातलं वज्रधातु मंडल म्हणजे तीन ओळींत तीन तीन असे नऊ चौकोन.

हे नऊ चौकोन बघायला जपानला जायची गरज नाही. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, ज्याला तीन ताल म्हणतात, भिंतीवर नऊ खणांची चौकट कोरलेली आहे. मधल्या खणात बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. कैलास पाहून लोक थकतात आणि परततात. तुम्ही मुलीला घेऊन बाराव्या लेण्यात नक्की जा. चौरंगावरचं आणि हे, दोन्ही तिला एका नजरेत कळतील.

मग 'मंडला म्हणजे वर्तुळ' हे आलं कुठून? मोठा वाटा कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो एका छावणीचा प्रमुख होता. तिथे रोज सकाळी वहीत एक लहान गोल आकृती काढायचा आणि त्या त्या दिवशीचं आपलं मन तिच्यात वाचायचा. १९२९ साली एका चिनी ध्यानग्रंथावर लिहिताना त्याने अशा आकृत्यांसाठी आपला संस्कृत शब्द वापरला. त्याच्या लेखी मंडल हे माणसाच्या अखंड 'स्व'चं प्रतीक, आणि ते जगात सगळीकडे सापडतं. मध्याची जाणीव त्याला पक्की होती, म्हणून त्याने शब्द वाया घालवला असं मी म्हणणार नाही. पण तिथून पुढे जगातल्या कुठल्याही गोल नक्षीला मंडला म्हणायची रीत पडली, ती मला खटकते. अमेरिकेतल्या नवाहो लोकांची वाळूचित्रं घ्या. आजारी माणसाला त्या चित्रावर बसवून विधी करतात आणि मग चित्र मोडतात. तिबेटशी साम्य दिसतं खरं. पण नवाहोंचा स्वतःचा शब्द आहे 'ईकाह', देव येतात-जातात ती जागा. इतका नेमका शब्द असताना त्यावर आपला शब्द का चिकटवायचा? आपल्या चैत्रांगणालाही कुणी मंडला म्हणू नये असं मला वाटतं. त्याला चैत्रांगणच म्हणावं.

राहिली 'मंडळी'. त्यांनाही मध्य लागतो. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली निघाली ती अण्णासाहेबांभोवती. मराठी बायबलात चर्चला 'मंडळी' म्हणतात, ख्रिस्ताभोवती जमलेले लोक या अर्थाने. आणि घरी पाहुणे आल्यावर आपण "या मंडळी, बसा" म्हणतो तेव्हा मध्ये बहुतेक चहाचा ट्रे असतो.

मुलीच्या चित्राखाली 'मंडल' लिहू द्या. तिने कंपास टोचून जिथे भोक पाडलं असेल, तिथे काय काढलंय तेवढं तिला विचारा.